स्क्रूवरची लाल रेघ

व्लास्ताने आयुष्यात कुणाचा धसका घेतला असेल तर तो नवऱ्याच्या 'एवढंसं'चा. नेमबाजीच्या मैदानावरच्या एकाही बाईला ती घाबरली नव्हती.

"एवढंसंच घासलं गं," बोहुश म्हणायचा आणि अंगठा नि तर्जनीच्या मधे खसखशीचा दाणा धरल्यासारखं करून दाखवायचा. मग व्लास्ता सरावाला जायची, कार्बाइन खांद्याला लावायची, आणि पहिल्या दोन गोळ्यांतच तिला कळायचं की काल हातात बसलेलं हत्यार आज परक्या घरचं झालंय. पुन्हा पंधरा दिवस सवय करायची. सवय झाली रे झाली की पुन्हा एवढंसं.

तशी कार्बाइन म्हणजे साधी गोष्ट. गोळ्या पिस्तुलाच्याच, फक्त खांद्याला टेकायला दस्ता. गोळी सुटली की आतला बोल्ट मागे जाऊन दस्त्यातल्या वजनावर आपटतो आणि स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे ढकलते. ते आपटणं जितकं मऊ, तितका नेम धरायच्या काचेतला लाल ठिपका कमी उडतो, आणि तितकी दुसरी गोळी लवकर मारता येते. बस, एवढ्या एका धक्क्यापायी चांगले शिकलेसवरलेले पुरुष वेडे होतात. बोहुश तर चाळीस वर्षं कारखान्यात पोलादी साचे घडवून आलेला. निवृत्त झाल्यावर सारी अक्कल त्याने बायकोच्या कार्बाइनवर सोडली. वजनाचा तुकडा घासायचा, तोलायचा, पुन्हा घासायचा. तोलायला स्वयंपाकघरातलाच काटा. परवाच्या रविवारी तिने खसखशीचं सारण भरून कोलाचे, म्हणजे गोड पाव, केले, तर पाहुणे पहिला घास घेऊन एकमेकांकडे बघू लागले. सारणाला बंदुकीच्या तेलाचा वास येत होता.

ऑगस्टमध्ये व्लास्ताने निर्वाणीचं सांगितलं.

"ऑक्टोबरपर्यंत ह्या दस्त्याला कोणी शिवायचं नाही. तू नाही, तुझा पेचकस नाही, तुझी ती कानसही नाही. बोल्ट पूस, नळी पूस, वाटलं तर तिला अंगाई म्हण. पण मागचा स्क्रू उघडायचा नाही."

"अगं, पण त्या वजनात अजून एक—"

"बोहुश! हात लावशील तर बघ!"

नुसत्या धमकीवर विसंबणारी बाई ती नव्हे. तिने लाल नेलपॉलिशची बाटली आणली आणि दस्त्याच्या मागच्या स्क्रूवर एक रेघ ओढली, अर्धी स्क्रूच्या डोक्यावर, अर्धी बाजूच्या धातूवर. स्क्रू जरा जरी फिरला तर रेघ तुटणार. नेमबाज मंडळी स्क्रू ढिला झाला का हे बघायला अशी खूण करतातच. व्लास्ताने ती नवऱ्यासाठी केली, एवढाच फरक.

बोहुशला वाटत होतं की हा बायकोचा हट्ट. खरी गोष्ट व्लास्ताने कुणालाच सांगितली नव्हती. ईस्टरच्या सुमारास तिचा डावा हात थरथरू लागला होता. फार नाही, कपात चमचा वाजेल इतकाच. पण हा तोच हात होता, ज्याने ती दर वसंतात गावच्या प्रार्थनाघराच्या दारावर निळी वेलबुट्टी काढायची. पट्टी नाही, पेन्सिल नाही, ब्रश टेकवला की रेघ सरळ. यंदा गुडघ्याचं निमित्त सांगून तिने ते काम भाचीवर ढकललं. पिस्तूल सोडून कार्बाइन घेतली तीही त्याच सुमारास, आणि सगळ्यांना सांगितलं की डोळे थकले. पिस्तूल हवेत अधांतरी धरावं लागतं. कार्बाइन उजव्या खांद्यात रुतते, डाव्या हाताने पुढून घट्ट आवळली की थरथर दबून जाते. चालते ती निव्वळ सवयीवर. म्हणूनच ती सवय मोडणाऱ्या माणसाचा तिला इतका संताप यायचा.

आणि तिला एकच गोष्ट हवी होती. पुढच्या वर्षी युरोपच्या स्पर्धेला ज्येष्ठ बायकांच्या संघात दोन जागा होत्या, आणि त्या ऑक्टोबरच्या सामन्यावर ठरणार होत्या. हात अजून ऐकतोय तोवर एकदा जायचं. बोहुशला कळलं तर तो दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरकडे नेईल आणि बंदुकीच्या कपाटाची किल्ली खिशात टाकील, याबद्दल तिला शंका नव्हती.

सहा आठवडे कसे सुरळीत गेले. रोज ती चष्मा न लावताच स्क्रूकडे नजर टाकायची, लाल दिसलं की समाधान. बोहुश शहाण्यासारखा नळी पुसायचा. सप्टेंबरमध्ये तिने वर्षातले सगळ्यात चांगले गुण मिळवले. "बघ, हात न लावल्याचा परिणाम," ती त्याला सुनावायची. तो पावाला चरबी फासत राहायचा.

सामन्याच्या दिवशी दगडाच्या जुन्या खाणीत धुकं होतं. टोपल्या भरून पाव आले होते, गुलाशचं, मांसाच्या रश्श्याचं, पातेलं चढलं होतं. क्लबचा प्रमुख आणि आजचा पंच ओताकार टेबलावर कागद पसरून बसला होता.

"सही कर, व्लास्ता. इथे, इथे आणि इथे. आणि चष्मा लाव, मागच्या वेळी तू माझ्या नावापुढे सही केली होतीस."

तिने वाचायचा चष्मा लावला, सह्या केल्या, आणि चष्मा नाकावर तसाच ठेवून हत्यारं हाताळायला राखलेल्या टेबलाकडे जाऊन पेटी उघडली. सवयीने स्क्रूकडे पाहिलं. लाल होतं.

मग तिने पुन्हा पाहिलं.

रेघ सरळ होती. सरळ म्हणजे कशी, तर पट्टीने मारल्यासारखी. दोन्ही टोकं चौकोनी. रंग कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. आणि तिने ओढलेली रेघ गांडुळासारखी वळवळत गेली होती, हे जगात तिच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं? पुसून पुन्हा काढणार होती, पण दुसरी तरी कुठे सरळ येणार होती!

डोक्यात तिडीक गेली. जित्याची खोड! ह्या माणसाने स्क्रू उघडला, आत काहीतरी घातलं, तिच्याच ड्रॉवरमधली बाटली काढली आणि रेघही मारून ठेवली. चोरी करायची तर नीट नक्कल तरी करावी! पण नाही. साचे बनवणारा ना हा, वाकडी रेघ याच्या हातून मरेपर्यंत निघायची नाही.

"बोहुश!"

तो गुलाशच्या पातेल्यापाशी उभा होता. तिचा चेहरा बघूनच त्याने हातातला पाव खाली ठेवला. तेवढ्यात ओताकारने तिचं नाव पुकारलं.

"व्लास्ता, पहिली तूच. चल, धुकं उठलंय."

बोलायला वेळच नव्हता. ती रेषेवर उभी राहिली. बारा पुठ्ठे, प्रत्येकावर दोन गोळ्या, शेवटी दोन लोखंडी तबकड्या. टायमर वाजला आणि ती धावली. प्रत्येक गोळीला ती आतल्या धक्क्याकडे कान लावून होती. हा परका. हाही परका. हलकट माणूस! हे काय घातलंय आत? सहाव्या पुठ्ठ्यावर एक गोळी मारून ती पुढे निघालीसुद्धा, दुसरी राहिली ती राहिलीच.

"सहाव्यावर एक चुकली," ओताकारने कागदावर लिहिलं आणि भुवया उंचावल्या. "तुला झालंय काय? तू पुठ्ठ्यांकडे बघत होतीस की बंदुकीची विचारपूस करत होतीस?"

व्लास्ता रिकामी कार्बाइन पेटीत ठेवून तडक बोहुशसमोर गेली. हेडविका, तिची मुख्य प्रतिस्पर्धी, पलीकडच्या बाकावर बसून पाव चघळत होती. तिने चघळणं थांबवलं.

"किती वाजता उघडलास स्क्रू? रात्री? मी झोपल्यावर?"

"व्लास्ता, सगळे बघताहेत."

"बघू देत! सहा आठवडे मी गोळ्या मारून मारून सवय केली आणि तू आदल्या रात्री… एक गोळी गेली माझी! कशामुळे? तुझ्या एवढंसंमुळे! जुनं वजन कुठाय?"

बोहुशने छातीवरच्या खिशातून रुमाल काढला आणि उलगडला. आत वजनाचा तुकडा होता, तेलात न्हालेला. तो नेहमी जुना भाग जवळ बाळगायचा, हे तिला माहीत होतं. तरी तो बघून तिचा पारा आणखी चढला.

"काल रात्री नाही उघडला," तो म्हणाला.

"मग कधी?"

"तू रेघ मारलीस ना ऑगस्टमध्ये? त्याच्या दुसऱ्या दिवशी. आधीचं वजन तुझ्या हातात बसायच्या आत."

व्लास्ताने मनातल्या मनात आठवडे मोजले.

"तेव्हापासून हात लावला नाही. शपथ. आत एकाऐवजी दोन तुकडे आहेत, एकामागे एक. म्हणजे एक मोठा धक्का बसत नाही, दोन बारके बसतात. तू सहा आठवडे त्याच्याच बरोबर सराव केलास. सप्टेंबरचे गुण त्याचेच."

"खोटं. मला आज वेगळं लागलं."

"आज तुला रेघ दिसली म्हणून वेगळं लागलं."

हेडविका खोकली. व्लास्ताला ते पातेलं उचलून नवऱ्याच्या डोक्यावर ओतावंसं वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचं खरं होतं. सहाव्या पुठ्ठ्यावरची गोळी बंदुकीने घालवली नव्हती, तिच्या रागाने घालवली होती.

"पण का?" ती म्हणाली. "मी इतकं बजावून सांगितलं. एक गोष्ट मागितली होती तुझ्याकडे. एक! का नाही राहवलं तुला?"

बोहुशने रुमालाची घडी घातली. मग उलगडली. मग पुन्हा घातली.

"रेघ वाकडी होती," तो हळू म्हणाला.

"म्हणून काय झालं! स्क्रूवरची रेघ ती, वाकडी असली तर—"

"तुझी रेघ वाकडी नसते, व्लास्ता. अडतीस वर्षं बघतोय मी. प्रार्थनाघराच्या दारावर शिडीवर एका पायावर उभी राहून तू रेघ मारायचीस, आणि मी खाली उभा राहून मनात पट्टी लावून बघायचो. कधी चुकली नाही. कारखान्यातल्या पोरांना मी सांगायचो, माझ्या बायकोच्या हाताखाली शिका. मग ही रेघ बघितली. म्हटलं, गुडघ्याचा आणि रेघेचा काय संबंध?"

व्लास्ताने डावा हात कोटाच्या खिशात घातला. घातल्यावर तिला कळलं की हीच चूक ती सहा महिने करत होती.

"पुढच्या हाताला धक्का कमी बसावा म्हणून दोन तुकडे केले," तो म्हणाला. "आणि रेघ पुसून सरळ मारली, कारण आज हत्यार तपासताना ओताकारने ती वाकडी बघितली असती. त्यालाही तुझी रेघ माहीत आहे. दार त्याच्या घरासमोरच आहे."

"मला बोलला का नाहीस?"

"तू बोलली नाहीस. मला वाटलं, तुला सामना हवाय. आधी सामना होऊ दे." मग त्याने खिशावर थाप मारली. "मंगळवारी डॉक्टरची वेळ घेतलीय. दुपारची."

"मंगळवारी सराव असतो."

"सरावानंतरची घेतलीय."

व्लास्ताला इतका राग यायला हवा होता, आणि इतका आलाही होता, पण आता तो ठेवायचा कुठे ते तिला समजेना. सहा महिने चमचा कपाला लागू नये म्हणून तिने चहात साखर घालणं सोडलं होतं. ह्या शहाण्याने विचारलंसुद्धा नव्हतं की साखर का सोडलीस.

"दुसरी फेरी!" ओताकार ओरडला. "व्लास्ता, भांडण उभ्याने करायचं की बसून, ठरवा लवकर!"

बोहुशने जुना तुकडा पुढे केला. "बदलू का? ओताकारला विचारतो. पाच मिनिटांचं काम आहे. तुला तेच हवं असेल तर."

तिने पेटी उचलली.

"हात लावशील तर बघ," ती म्हणाली.

उरलेल्या पाचही फेऱ्यांत तिची एक गोळी चुकली नाही. पण सहाव्या पुठ्ठ्याचं कर्ज काही फिटलं नाही. संध्याकाळी यादी लागली तेव्हा हेडविका दुसरी होती आणि व्लास्ता तिसरी, चार गुणांनी. जागा दोन. तिसरी म्हणजे राखीव; कोणी आजारी पडलं तरच बोलावणं. हेडविकाने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मी कधी आजारी पडत नाही गं, सॉरी." व्लास्ताला हसू आलं, आणि रडू पण आलं. तिने दोन्ही गाडीत बसेपर्यंत आवरून धरलं. मग एकच आवरलं.

घरी पोचल्यावर बोहुशने चहा ठेवला. व्लास्ताने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, रिकामी कार्बाइन त्यावर आडवी ठेवली आणि ड्रॉवरमधून नेलपॉलिशची बाटली काढली. आधी कापसाने त्याची ती सरळ रेघ पुसली. मग कुंचली डाव्या हातात घेतली. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणासमोर घेतली. हात थरथरला. रेघ वाकडी गेली, मधे एक थेंब जाड झाला, टोक भलतीकडेच गेलं.

बोहुश चहाचे कप हातात घेऊन बघत होता. तिला त्याचा जबडा आवळलेला दिसला. चाळीस वर्षांत त्याने एकही वाकडी रेघ आपल्या नजरेखालून जाऊ दिली नव्हती.

"राहू दे?" त्याने विचारलं.

"राहू दे."

त्याने कप ठेवले, बाटली बंद केली, आणि तिच्या चहात पूर्वीसारखी दोन चमचे साखर घालून चमचा तिच्या हातात दिला. व्लास्ता ढवळू लागली. चमचा कपाला वाजत राहिला.