दोनदा सांगणारी बाई

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. केस कापायचा धंदाच तसा. गिऱ्हाईक मान खाली घालून बसलेलं, कात्री चाललेली, मग कुणीतरी बोलायला नको का? तर बायकोला नदीच्या धक्क्यावर नोकरी लागली, ही बातमी मी त्या दिवशी पहिल्या दाढीपासूनच सांगायला सुरुवात केली. एवढंच की नोकरी अजून लागली नव्हती. दुपारी तिची चाचणी होती.

पण मला दम कुठला निघतोय. गिऱ्हाइकांना सांगितलं, शेजारच्या चांभाराला सांगितलं, सासूबाईंना तर फोन करून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, नक्की ना?" मी म्हणालो, "नक्की म्हणजे काय, आज पहिलाच दिवस." फोन ठेवला आणि मग घड्याळाकडे बघितलं, चाचणीला अजून अवकाश होता.

आमची ही आधी बस स्थानकावर निवेदक होती. कुठली गाडी कुठे लागणार, किती वाजता सुटणार, ते माइकवरून सांगायचं. तिची एक पद्धत होती. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची. पहिल्यांदा नेहमीच्या चालीत, मग श्वासभर थांबायचं, मग पुन्हा सावकाश. ती म्हणायची, पहिल्यांदा लोक नुसते कान टवकारतात, ऐकतात ते दुसऱ्यांदा. प्रवाशांनी तिचं नाव पाडलं होतं, दोनदाबाई. घरी तेच. "दूध उतू चाललंय." श्वास. "दूध उतू चाललंय." तोवर दूध शेगडीवर आलेलं असायचं, पण मला तिचं ते बोलणं आवडायचं.

तर एका संध्याकाळी गाडीला चालकच नव्हता. स्थानकप्रमुखाने हिच्या हातात चिठ्ठी दिली, गाडी दहा मिनिटांत सुटेल. हिने वाचली. पुन्हा चिठ्ठी आली, पुन्हा दहा मिनिटं. असं अंधार पडेपर्यंत चाललं. लोक खवळले, काचा फुटल्या, आणि दुसऱ्या दिवशी प्रमुखाने सगळं खापर हिच्या डोक्यावर फोडलं. निवेदिकेने प्रवाशांची दिशाभूल केली म्हणे. ज्याने चिठ्ठ्या लिहिल्या तो खुर्चीत राहिला आणि जिने वाचल्या ती घरी आली. आजही सांगताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ही मात्र भांडली नाही. नोकरी शोधायला सगळीकडे गेली, दवाखाना, दुकानं, टॅक्सीवाल्यांचं ऑफिस. आधीची नोकरी का सुटली असं विचारलं की ही खरं ते सांगायची, मग ते लोक बस स्थानकावर फोन करायचे, आणि पुढे कुणी हिला बोलवायचं नाही. घरात ती दोनदा बोलायची थांबली. "जेवायला चला" एकदाच, तेही भिंतीकडे बघून. मला ते ऐकवेना.

धक्क्यावरची जागा सापडली ती माझ्या खुर्चीत. फेरीबोटीचा तिकीटवाला मानेवरचे केस काढून घेता घेता म्हणाला, आमचे निवेदक निवृत्त झाले, साहेब माणूस शोधतायत. माझी कात्री तिथेच थांबली. बिचाऱ्याची एक बाजू लांब राहिली, ती त्याने दुसऱ्या दिवशी येऊन कापून घेतली.

दुपारी दुकान बंद करून मीही तिच्याबरोबर गेलो. रस्ताभर तिला एकच सांगत होतो, "साहेब जे देतील ते वाचायचं. जास्त शहाणपणा नको." ती म्हणाली, "बघू."

धक्क्यावर ही गर्दी. पिशव्या, सायकली, कडेवरची पोरं, सगळे फाटकाला चिकटून उभे. निवेदनाची खोली म्हणजे काचेचा डबा, आत एक टेबल, एक माइक आणि साहेब. साहेबांनी मला दारातच थांबवलं आणि तिच्यापुढे चिठ्ठी सरकवली. मी मान लांब करून वाचली. पुढची बोट पंधरा मिनिटांत येत आहे.

तिने माइकचं बटण दाबलं नाही. "बोट कुठे आहे?" तिने विचारलं.

"येतेय," साहेब म्हणाले.

"दिसत नाहीये."

"अहो बाई, तुम्ही वाचा फक्त."

"आलेच पाहून," ती म्हणाली, उठली, आणि माझ्या अंगावरून थेट बाहेर. मी कपाळाला हात लावला. रिकाम्या खुर्चीकडे साहेब बघतायत, साहेबांकडे मी बघतोय, आणि नेमका सासूबाईंचा फोन. "कसा चाललाय पहिला दिवस?" मी म्हणालो, "फिरतीवर गेलीय." फोन बंद करून टाकला.

ती धक्क्याच्या पार टोकापर्यंत गेली. तिथे खालच्या अंगाला बोट बांधलेली होती आणि मिस्त्री इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. ही त्याच्याशी बोलली, वाकून इंजिन बघितलं, जशी काही हिला त्यातलं कळतं, आणि आली परत. साहेब काही म्हणायच्या आत बसली आणि बटण दाबलं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. पलीकडे जाणारी बोट बिघडली आहे. मी आत्ता स्वतः पाहून आले. मिस्त्री म्हणतात तासभर लागेल, तुम्ही थोडा जास्तच धरा. ज्यांना घाई आहे त्यांनी पुलावरून जावं. बाकीच्यांनी सावलीत बसावं. बोट निघायच्या आधी मी हाक मारीन, कुणालाही मागे ठेवणार नाही."

मग ती थांबली. श्वासभर. आणि सगळं पुन्हा, सावकाश.

किती महिन्यांनी ऐकत होतो मी तो आवाज. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. तिकडे गर्दी थोडी कुरकुरली, काही जण पुलाच्या वाटेला लागले, आणि बाकीचे फाटक सोडून झाडांखाली जाऊन बसले. कुणी काचेवर मूठ आपटली नाही.

साहेब मात्र लालबुंद. "माझी गिऱ्हाइकं तुम्ही पुलाकडे पाठवलीत? हे सांगायला मी सांगितलं होतं?"

"नाही," ती म्हणाली. "मागच्या ठिकाणी चिठ्ठीत होतं तेच वाचत राहिले, आणि लोकांच्या शिव्या मी खाल्ल्या. शिव्या खायला माझी ना नाही. पण आता खाईन त्या माझ्या शब्दासाठी खाईन."

संपलं, मला वाटलं. उद्या कुठल्या तोंडाने दुकान उघडू? तेवढ्यात काचेवर टकटक झाली. निळ्या टोपीतले एक आजोबा. साहेबांकडे त्यांनी बघितलंही नाही. हिला म्हणाले, "बाई, मी त्या खांबापाशी जरा पडतो. उठवाल ना?"

हिने मान डोलावली. साहेब त्या आजोबांकडे बघत राहिले, मग झाडांखालच्या लोकांकडे. "बोट सुटेपर्यंत बसा," ते म्हणाले. "मग बघू."

मला त्यांनी बाहेर काढलं. मी बाकावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. एका माणसाला विनाकारण सांगितलं की तुमचे कल्ले वाढलेत. इंजिन दोनदा धडधडून बंद पडलं तेव्हा माझं काळीजही बंद पडायच्या बेतात होतं. शेवटी एकदाची बोट आली. हिने हाक मारली. लोक उठले, पिशव्या उचलल्या, रांगेने निघाले. आजोबा ढिम्म.

"खांबापाशी झोपलेले निळ्या टोपीवाले आजोबा, उठा. बोट लागली." श्वास. "आजोबा, उठा. बोट तुमच्यासाठी थांबली आहे."

सगळा धक्का हसला. आजोबा टोपी सावरत चढले आणि काचेकडे बघून हात हलवला. बोट सुटली. मग साहेबांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि फोन उचलला, बस स्थानकालाच लावत असणार. काचेतून मला त्यांचे नुसते ओठ दिसत होते. ही हात मांडीवर ठेवून बसली होती. साहेब बोलले, ही बोलली, पुन्हा साहेब बोलले. माझा जीव टांगणीला.

दार उघडलं. ती पायरी उतरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना.

"मिळाली," ती म्हणाली.

सासूबाईंना फोन लावायला माझा हात खिशात गेला होता, तो मी तसाच ठेवला. जन्मात पहिल्यांदा मी तोंड मिटून थांबलो. तिने श्वास घेतला.

"मिळाली," ती सावकाश म्हणाली.