बाबांच्या रेडिओची घरघर

बाबांच्या रेडिओनं माझ्या नाकी नऊ आणले होते. शनिवारी संध्याकाळी पाचला त्यांचं जुनं शॉर्टवेव्ह केंद्र कायमचं बंद होणार होतं. तिथल्या ट्रान्समीटरवर बाबांनी एकतीस वर्षं काढलेली. शेवटचं प्रसारण नीट ऐकायचंय, एवढं एकच त्यांनी माझ्याकडे मागितलं होतं, आणि तेवढंही मला जमत नव्हतं.

रेडिओचा मूळ पॉवर सप्लाय जळाला होता. मी मोबाइलच्या चार्जरसारखा एक हलका अडाप्टर आणला. बाबांनी नेहमीप्रमाणे श्रवणयंत्रं काढून डबीत ठेवली, हेडफोन लावला आणि मान हलवली. नुसती घरघर. दुसरा महागातला आणला, तरी तेच. मग ट्रान्सफॉर्मरचा, विटेएवढा जड. यात आवाज करणारं काही नसतंच, असं दुकानदार छातीठोकपणे म्हणाला होता. तरी घरघर. मी रेडिओ आणि सप्लाय काखोटीला मारून दुकान गाठलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याचा पाणउतारा केला. त्यानं शांतपणे दोन्ही जोडून रेडिओ लावला. आवाज इतका स्वच्छ, की मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

घरी आलो, बाबांनी हेडफोन लावला, घरघर हजर.

शनिवारी पावणेपाचला मी टेबलाखाली पालथा पडून वायरी हलवत होतो. फ्रिज बंद, दिवे बंद, बायकोची इस्त्रीसुद्धा बंद. बाबा म्हणाले, राहू दे आता. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं यातच घालवलीत, काहीतरी सुचवा की, असं मी खालूनच ओरडलो. त्यांना अर्थातच ऐकू गेलं नाही. मी काय म्हणतोय ते कळावं म्हणून त्यांनी हेडफोन टेबलावर ठेवला आणि डबीतली यंत्रं काढून कानात घातली.

हेडफोनमधून एक बाई स्वच्छ बोलायला लागली.

ती डबी म्हणजे चार्जर. यंत्रं आत ठेवली की चार्जिंग सुरू आणि रेडिओत घरघर, काढली की दोन्ही बंद. बाबांना उठावं लागू नये म्हणून तिची पिन मीच रेडिओच्या एक्स्टेंशन बोर्डात लावून दिली होती.

"बाबा, यंत्रं काढा. पण डबीत ठेवू नका."

त्यांनी काढली, आणि सवयीनं हात डबीकडेच गेला. मी तो वरच्यावर धरला आणि यंत्रं माझ्या मुठीत घेतली. डबीची पिन उपटायचंही मला सुचलं नाही.

बाबा हेडफोन लावून डोळे मिटून ऐकत राहिले. पाच वाजून गेले. मी यंत्रं पुढे केली, तर त्यांनी हेडफोन हातानं दाबून धरला.

"थांब जरा," ते नको इतक्या मोठ्यानं म्हणाले. "बंद केला त्यांनी ट्रान्समीटर. बंद केल्यावर असंच ऐकू येतं."