जिथे जिथे ‘लाभार्थी’ आहे

वडिलांनी कागद तिच्या बशीशेजारी सरकवला आणि उडू नये म्हणून त्यावर चष्म्याचे घर ठेवले. पंखा बंदच होता.

“एवढं चांगल्या अक्षरात उतरवून दे. माझं अक्षर सभापतींना लागत नाही म्हणे.”

तिने घड्याळाकडे पाहिले. साडेसातला कालव्यावर हजेरी घ्यायची होती. बोटे पुसून तिने पेन उचलले. कागदावर एकच वाक्य होते : ‘मसुद्यात जिथे जिथे “लाभार्थी” हा शब्द आहे, तिथे “कामगार” असे वाचावे.’

कारखाने बंद पडून दीड वर्ष झाले होते. सरकारने उभारी योजना आणली आणि निम्मे गाव कालव्याचा गाळ काढायला जाऊ लागले. तिचा नवरा तिथेच फावडे मारत होता. वाचनालयातली तिची नोकरी गेली, तेव्हा त्याच कालव्यावर हजेरी लिहिण्याचे काम तिला मिळाले. घर त्यावरच चालले होते. आणि तीस वर्षे लेथवर काढून नगरसभेत विरोधी बाकावर बसलेले तिचे वडील त्याच योजनेच्या विरोधात बोलत हिंडत होते. पूर्वी त्यांना सगळे नाना म्हणत. योजना आली आणि नावात एक न वाढला. चहाच्या टपरीवर आता त्यांचे नाव नन्ना होते.

“बाबा, एका शब्दासाठी सगळी योजना अडवायची?”

“अडवतंय कोण? योजना पाहिजेच. तू हजेरी कुणाची घेतेस?”

“लाभार्थ्यांची. वहीवर छापलंय तसं.”

“लाभ घ्यायला आलेल्याची हजेरी कशाला लागते गं? हजेरी कामगाराची असते. उद्या कुणाचा हात मोडला तर कामगाराला भरपाई आहे. लाभार्थ्याला काय, चार गोड शब्द.”

मग ते सुतावर आले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एका सुताने चुकलेला नट हातोडी मारून बसवला तरी पहिल्या हादऱ्याला निघतो, हे ती फ्रॉक घालत होती तेव्हापासून ऐकत आली होती. शब्दांचेही तसेच, असे त्यांचे म्हणणे. तिने मान वर न करता वाक्य पुरे केले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी धरून अक्षर अन् अक्षर ताडून पाहिले.

“तुला काय वाटतं?” त्यांनी विचारले.

“मला उशीर होतोय.”

तिच्या डब्याचे झाकण नीट बसत नसे. ते त्यांनी अंगठ्याने दाबून बसवले आणि डबा तिच्या पिशवीत ठेवला.

दुपारी कालव्यावरच्या लोकांना अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. मुकादमाने सगळ्यांना ट्रकमधून नगरसभेत नेले आणि वरच्या सज्जात बसवले. का बसवले, ते सर्वांना ठाऊक होते. हजेरीची वही मांडीवर घेऊन तीही बसली. आजूबाजूचे तिच्याकडे बघत नव्हते, तेही अगदी ठरवून.

सूचना उशिरा आली, असे सांगून सभापतींनी तो कागद बाजूला ठेवला. योजना पुढे चालू ठेवण्याचा मसुदा मताला आला, तेव्हा वडिलांच्या पक्षाचे दोघे नेमके बाहेर गेले. बाजूने एकतीस हात वर झाले, विरोधात एक. सज्जातून पाय आपटल्याचा आवाज सुरू झाला आणि त्यावर ठेका धरून कुणीतरी नन्ना, नन्ना म्हणू लागले.

वडील आवाज थांबेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, की योजना सुरू राहतेय, याचा त्यांना आनंदच आहे. काम करणाऱ्याला कामगार म्हणावे एवढेच त्यांनी मागितले होते, ते नाही म्हणून हात विरोधात. बसण्याआधी त्यांनी एकदा वर सज्जाकडे पाहिले. त्याच वेळी ती खाली वाकली आणि न पडलेली वही शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता ते गेले. एका गालावर साबण तसाच होता. तो तिने आपल्या ओढणीने पुसला.

पंधरा दिवसांनी ती कामावर परतली. आठवडाही झाला नव्हता, तोच कालव्याची कड ढासळली आणि पाटी घेऊन वर चढणाऱ्या मावशी त्या मातीखाली आल्या. मावशी सगळ्यांच्याच मावशी; माती उपसून त्यांना बाहेर काढले तेव्हाही त्या, माझी पाटी कुठं गेली रे, म्हणून विचारत होत्या. पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता.

मोठ्या शहरातून नुकतेच बदलून आलेले साहेब जीपमधून अहवाल घेऊन उतरले. माणूस वाईट नव्हता. मावशींना दवाखान्यात न्यायला त्यांनी स्वतःची जीप दिली. मग अहवाल तिच्यापुढे धरला. ‘सदर लाभार्थी पाय घसरून पडली.’ खाली हजेरी लिहिणाऱ्याची सही लागत होती.

“भरपाईचं काय?” तिने विचारले.

“ती कामगारांना असते, बाई. इथं कुणी कामगार नाही.” त्यांनी खरोखरच दिलगिरीने सांगितले.

तिने पेन उचलले. ‘लाभार्थी’वर एक सरळ रेघ ओढली आणि वर ‘कामगार’ लिहिले. अक्षर चांगले आले.

साहेबांनी कागद उलटा फिरवून पाहिला. हा शब्द योजनेत कुठेच नाही, असा अहवाल वर गेला तर परत येईल, आणि हजेरीला दुसरे कुणी शोधावे लागेल, हे त्यांनी आवाज न चढवता समजावले. कोरा नमुना आहे, पुन्हा लिहून द्या, म्हणाले. कालव्यात फावडी थांबली होती. चौथ्या की पाचव्या जागेवर तिचा नवरा होता. तो तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने फावडे जमिनीत रोवले आणि त्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.

तिने कोरा नमुना घेतला नाही.

“तुम्हाला नेमकं वाटतं तरी काय?” साहेबांनी विचारले.

हे तिला आधी एकदा विचारून झाले होते. या वेळी तिने घड्याळाकडे पाहिले नाही.

“मला वाटतं, ते बरोबर होते.”

“ते कोण?”

“नन्ना,” ती म्हणाली, शेवटच्या फावड्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “माझे बाबा.”