आरशात आलेलं वाक्य

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. माझ्या खालच्या कोपऱ्यातला पारा उडाला आहे, त्यामुळे तिथं पाहणाऱ्याला आपली हनुवटी दिसत नाही. बाकी सगळं दिसतं. गुलटेकडीच्या बाजूला, मार्केट यार्डापासून जवळच, कर्णबधिर मुलांची एक शाळा आहे. तिच्या मागच्या व्हरांड्यात, हात धुण्याच्या बेसिनवर मी टांगलेला आहे. डबा खाऊन झाला की मुलं येतात, माझ्याकडे बघून दात विचकतात आणि तोंडातलं पाणी माझ्यावर उडवून जातात. पण मी पहिल्यापासून बेसिनवरचा नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला कान नाहीत. आवाज कुणी काढला तर माझी काच किंचित थरथरते, तेवढंच मला कळतं. बोललेले शब्द मी ओठांवरून वाचतो. ही विद्या माझी पक्की कशी झाली, तेच तर सांगायचं आहे.

माझा जन्म भवानी पेठेतला. ज्या वर्षी परदेशी मालाला देशाचे दरवाजे उघडले, त्याच वर्षी एका मिस्त्रीनं मला सागवानी ड्रेसिंग टेबलात बसवलं. माझी काच बेल्जियमची आहे असं दुकानदार सांगे. खरी कुठली, ते त्यालाच ठाऊक. खडकीच्या कारखान्यातल्या तात्यारावांनी मला आपल्या मुलीच्या लग्नासाठी घेतलं. ती मुलगी म्हणजे दीक्षाताई. त्या स्पीच थेरपिस्ट. ज्यांना ऐकू येत नाही त्या मुलांना बोलायला शिकवण्याची त्यांची नोकरी. नवरा राकेशराव फौजेत. वर्षातून दोनदा सुटीवर येत, आणि येताना ट्रंक व मिशी दोन्ही वाढवून आणत.

राकेशरावांना समोरासमोर बोलणं जड जाई. दीक्षाताई माझ्यापुढे बसून केस विंचरत, ते मागे उभे राहत आणि जे काही सांगायचं ते माझ्यातल्या दीक्षाताईंना सांगत. सुटी संपली की दर खेपेला एकच वाक्य असे.

"मुदत संपली की पेन्शन घेऊन येतो, दीक्षा. मग कायमचा."

"नक्की ना?" त्या माझ्यातूनच विचारत.

"फौजीचा शब्द आहे."

तो शब्द माझ्या साक्षीनं दिला गेला, हे लक्षात ठेवा.

शाळेनं दीक्षाताईंना कामासाठी तळहाताएवढा आरसा दिला होता. त्यात मुलाचं नाक दिसे, नाहीतर बाईंचं. दोघं एकदम कधी दिसत नसत. या कामात मूल आणि शिकवणारी शेजारीशेजारी बसून एकाच आरशात बघतात. बाईंचे ओठ कसे मिटले, जीभ कुठं लागली, हे बघून मूल आपले ओठ तसे करतं. तळहातावर हे कसं जमणार? दोन-तीन अर्ज करून दीक्षाताई कंटाळल्या आणि एक दिवस मिस्त्रीला बोलावून त्यांनी मलाच ड्रेसिंग टेबलातून उचकटलं.

सासूबाई, हिराबाई, कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "लग्नातला आरसा शाळेत? आणि आम्ही काय फळीत तोंड बघायचं?"

"आई, तुम्हाला आरसा लागतो कशाला? तुम्ही आहात तशाच छान दिसता."

"हं. मुलांना बोलायला शिकवतेस, ते दिसतंच आहे," हिराबाई म्हणाल्या, पण हसल्या. त्यानंतरच्या सुटीत राकेशराव स्कूटरच्या आरशात दाढी करत, असं मला दीक्षाताईंच्या ओठांवरून समजलं.

शाळेतली ती वर्षं माझी भरभराटीची. किती मुलं माझ्यासमोर 'प' म्हणायला शिकली! 'फ' म्हटलं की माझ्यावर वाफ धरे आणि ती वाफ बघून मूल टाळ्या वाजवी. पुष्कळ मुलं नुसते ओठ हलवत, आवाज काढतच नसत. मग दीक्षाताई त्यांचा हात आपल्या गळ्यावर ठेवत आणि म्हणत, "आवाजात." मूल चुकलं की त्या रागावत नसत. फक्त म्हणत, "पुन्हा." आणि जमलं की, "शाब्बास!" शिवाय डब्यातली शेंगदाण्याची चिक्की. त्या 'शाब्बास'साठी मुलं जीव टाकत. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं तुमच्यात म्हणतात. या शाळेत येऊन म्हणून दाखवा.

दीक्षाताईंनी एक खेळ काढला होता. मूल माझ्याकडे तोंड करून बसे. त्याच्या पाठीमागे व्हरांड्याची काचेची खिडकी होती. खिडकीबाहेर शाळेच्या मावशी, यमुनाबाई, उभ्या राहत आणि काहीतरी बोलत. मुलानं मागे वळायचं नाही. माझ्यातच त्यांचे ओठ वाचायचे आणि त्या म्हणाल्या ते जसंच्या तसं मोठ्यानं म्हणायचं. यमुनाबाईही वस्ताद. "पोळी करपली", "हेडमास्तर आले, पळा", असं काहीही म्हणत.

उल्का नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. डोळे असे, की मुंगीचंही बोलणं वाचेल. पण तोंडातून एकच शब्द निघे आणि पुढे गाडी अडे. "पोळी..." म्हणून ती थांबे आणि चिक्कीच्या डब्याकडे बघे. पूर्ण वाक्य बोलेल तर पुढच्या वर्षी तिला घराजवळच्या नेहमीच्या शाळेत घेणार होते. दीक्षाताई रोज तिला घेऊन माझ्यापुढे बसत.

राकेशरावांची मुदत संपत आली तसा दीक्षाताईंचा चेहरा बदलला. मला तर तो रोज दिसे. मधल्या सुटीत त्या यमुनाबाईंना सांगत, "धायरीला फ्लॅट बघितलाय. दोन वर्षं मी एकटीनं हिंडून बघितला. आता फक्त यांनी येऊन हो म्हणायचं." आईंची खोली कुठली, राकेशरावांच्या ट्रंकेची जागा कुठली, सगळं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. मुलांना शिकवताना त्या मधेच स्वतःशी हसत.

तो दिवस आला. राकेशराव सुटीवर आले होते आणि शाळा सुटल्यावर तिघांनी मिळून धायरीला जायचं ठरलं होतं. तिसरा म्हणजे राकेशरावांचा धाकटा भाऊ, भीमराव. दोघं भाऊ लवकर आले आणि व्हरांड्यात उभे राहून बोलू लागले. कुठं? बरोबर त्याच खिडकीबाहेर. खिडकी बंद होती. खोलीत दीक्षाताई खाली वाकून उल्काची वही चाळत होत्या. उल्का माझ्याकडे बघत होती.

मी सगळं वाचलं, आणि मला काही करता येईना. उल्कानंही वाचलं. तिला वाटलं, आज यमुनाबाईंच्या जागी काका खेळायला आलेत. ती ताठ बसली. तिनं आपला हात गळ्यावर ठेवला. आणि माझी काच थरथरली, इतकी की भिंतीवरचा खिळा हलला.

"दीक्षाला... सांगू नको. मी... परत जाणार. सही... केली."

पूर्ण वाक्य. एक सोडून तीन. उल्काचा चेहरा फुलला होता. तिनं चिक्कीसाठी हात पुढे केला.

दीक्षाताईंनी मान वर केली. माझ्यात बघितलं. खिडकीत राकेशराव भावाच्या खांद्यावर हात ठेवून अजून बोलतच होते. "फ्लॅट आज बघून घेऊ. युनिटमधून पत्र आलं असं नंतर कळवीन." ते वाक्य दीक्षाताईंनी स्वतः वाचलं. ओठ वाचायला शिकवणारी बाई ती. तिला कुणी दुभाषी लागत नव्हता.

त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, त्या उठतील, खिडकी उघडतील, ओरडतील. त्या उल्काकडे वळल्या, ओठ नीट दिसतील असं तोंड समोर धरलं आणि म्हणाल्या, "शाब्बास. एकदम बरोबर." आणि डबा उघडून तिला चिक्की दिली. डब्याचं झाकण मात्र त्यांना परत लावता येईना.

उल्का गेल्यावर राकेशराव हसत आत आले. "झालं का? निघायचं?"

"किती वर्षांसाठी सही केलीत?"

राकेशराव सवयीनं माझ्यातल्या दीक्षाताईंकडे बघून बोलू लागले. "दोन वर्षांचं एक्स्टेंशन आहे. दीक्षा, बाहेर येऊन मी काय करू? बरोबरचे दोघं आले पेन्शनीत. एक कॉम्प्युटर कंपनीच्या दारात उभा असतो. विशीतली पोरं येतात, तो त्यांच्या बॅगा तपासतो. मला नाही जमायचं ते."

"मग तसं सांगायचं. जाऊ नका, असं म्हटलं असतं का मी? इतकी वर्षं म्हटलं?"

"तुझा हिरमोड होईल म्हणून..."

"दीक्षाला सांगू नको, म्हणालात. त्याचं काय?"

"पण तुला कसं..." त्यांनी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला वाटलं, इथं कुणाला ऐकू येतंय."

दीक्षाताईंनी उल्काची वही मिटली. मग म्हणाल्या, "हो. म्हणून इथं येऊन बोललात."

धायरीला त्या दिवशी कुणी गेलं नाही. मला वाईट वाटलं. मित्रांनो, खरं सांगतो, रागही आला. शब्द माझ्या समोर दिला होता आणि माझ्याच समोर मोडला. भिंतीला कान असतात, हे सगळ्यांना माहीत. भिंतीवरच्या आरशाला डोळे असतात, हे फौजीलाही सुचू नये?

पण खरा घाव पुढेच बसला. दुसऱ्या दिवशी दीक्षाताईंनी एक जुना पडदा आणला आणि माझ्यावर टाकला. माझ्यावर! मी काय केलं होतं? जे समोर आलं ते दाखवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. पडद्याआडच्या अंधारात मी रोज वाट बघत होतो, की आज काढतील, उद्या काढतील. खेळ बंद झाला तो झालाच.

थोड्याच दिवसांत एका कॉम्प्युटर कंपनीची माणसं शाळेत आली, आणि त्यांच्या धक्क्यानं माझ्यावरचा पडदा एका बाजूनं सरकला. सारख्या रंगाचे टीशर्ट, गळ्यात ओळखपत्रं. त्यांनी शाळेला कॉम्प्युटर दिला. मूल 'आ' म्हणालं की कॉम्प्युटरच्या पडद्यावर फुगा वर जाई, आवाज थांबला की खाली येई. मुलं खूष. फुगा चांगला होता, मी नावं ठेवत नाही. पण त्या फुग्याला ओठ नव्हते. दीक्षाताई आता मुलाच्या शेजारी नाही, पाठीमागे बसत. कुणीतरी विचारलं, "हा आरसा ठेवायचा का?" त्या म्हणाल्या, "न्या कुठंही." गरज सरो, वैद्य मरो. यमुनाबाईंना माझी दया आली आणि त्यांनी मला इथं बेसिनवर लावून घेतलं. पारा इथल्याच ओलीनं उडाला.

उल्काला नव्या शाळेत घेतलं. जायच्या दिवशी ती हात धुवायला आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी तिनं मला विचारलं, "मी चुकीचं वाचलं का?" त्या दिवसानंतर तिला कधी खेळायला बोलावलं नव्हतं ना. मी आरसा. तिचाच प्रश्न तिला परत दाखवला, दुसरं काय करणार? ती तोंड पुसून गेली. तो प्रश्न मला अजून टोचतो.

एक्स्टेंशन संपलं. एका दुपारी राकेशराव व्हरांड्यात आले. वर्दी नव्हती, मिशी पिकली होती. वर्ग चालू होते, व्हरांडा रिकामा होता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि माझ्यासमोर उभे राहिले. आधी ओळखलं नाही. मग कडेच्या नक्षीवरून बोट फिरवलं आणि ओळखलं. हळूहळू त्यांचे ओठ हलू लागले. "चुकलो मी, दीक्षा." आवाज नाही. पुन्हा ओठ हलले. "चुकलो मी." परेडच्या आधी तालीम करावी तशी ते तालीम करत होते.

पाठीमागे वर्गाच्या दारात दीक्षाताई उभ्या होत्या. राकेशराव खालमानेनं बोलत होते, त्यांना दिसल्या नाहीत. मला दिसल्या. त्या वळल्या नाहीत, पुढेही आल्या नाहीत. माझ्यात बघत राहिल्या. दोन वर्षांनी पहिल्यांदा.

"आवाजात," त्या म्हणाल्या.

राकेशराव दचकले. मान वर करून माझ्यात बघितलं. ओठ हलले. माझी काच मात्र स्तब्ध होती.

"पुन्हा."

त्यांनी नळ सोडला, बंद केला. गळ्यावर हात ठेवला, उल्का ठेवायची तसा. आणि मग मला थरथर जाणवली. बारीकच, पण होती.

दीक्षाताई जवळ आल्या. ओढणीच्या टोकानं त्यांनी माझ्यावरचे पाण्याचे डाग पुसले, अगदी कोपऱ्यापर्यंत. मी आणि राकेशराव, दोघंही वाट बघत होतो. शाब्बास मात्र त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "उल्काकडे जायचंय मला. मी खेळ बंद केला, तिला वाटलं असेल आपणच चुकलो. तू बरोबर वाचलं होतंस, हे तिला सांगायचंय. तुम्ही सांगाल?"

राकेशरावांनी मान हलवली.

"आवाजात," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. आरशावर पाणी उडवा, चालेल. तोंडं वेडीवाकडी करा, मी रागावणार नाही. पण आरशानं जे दाखवलं, त्याचा राग त्याच्यावर पडदा टाकून काढू नका. आणि ज्याला सांगायचं, त्याला समोर उभं राहून सांगा. कुणाला ऐकू येत नाही असं समजून पाठीमागे बोलू नका. कुणीतरी लहान मूल ते वाचतं, आणि आपण चुकलो असं समजून निघून जातं.