चहाच्या कपाले टेकवलेला झेनर

आमची सून आचल अमरावतीची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली. पातूरले आली अन् थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून तिनं अंडी उबवायचं यंत्र बनवलं. मी म्हटलं, "अवं, घरच्या खुडूक कोंबड्या मेल्या काय?" पण ऐकते कोण! पहिल्या खेपेचं एकही अंडं फुटलं नाई, सारी सडली. पोरगी धड जेवेना. अन् मी तावातावात बोलून बसली, "आता एकच डाव. पिल्लं नाई निघाली त खोकं भंगारात!"

दुधानं तोंड पोळलं का माणूस ताकही फुंकून पेते. दुसरी खेप ठेवली त्याच दिवशी मी अंडं उचलून डोळ्याच्या पापणीले लावून पाहू लागली. आमची मायबी असंच पाहे. सकाळी बराबर होतं. दुपारी छपराची टिनं तापली अन् अंडंही जास्त गरम लागलं.

"आचल, तुह्या यंत्राले दुपारी ताप चढते वं!"

तिनं झाकण काढलं. आत ज्वारीच्या दाण्याएवढा काचेचा पुरजा.

"आई, हा झेनर डायोड. हा उलटा लावा लागते."

"उलटा? आमच्या घरच्या माणसाईले शोभते."

ती हासली. "टाकीले ओव्हरफ्लोचा पाइप असते नं, तसं. जास्तीची वीज हा काढून देते अन् आपला व्होल्टचा आकडा धरून ठेवते. त्या आकड्यावरून यंत्र बल्ब बंद करते." मंग एकदम थबकली. "पण उन्हानं याचाच आकडा हालत असन, अन् बल्ब उशिरा बंद होत असन त? आई, चहा ठेवा!"

"आता? कोणाले प्याले?"

"झेनरले!"

माय माय! एका कपात उकळता चहा, दुसऱ्यात माठातलं पाणी. तिनं अकोल्याहून आणलेले येगयेगळ्या व्होल्टचे झेनर काढले. एकेक तारेले जोडायची, कपाले टेकवायची, अन् मीटर मी वाचायची. यंत्रातला नऊ व्होल्टवाला चहाले लागला का आकडा वर. तीनवाला लागला का खाली.

"एक चढते, एक उतरते," मी म्हटलं, "मधातला आण वं!"

मधातला पाच पॉइंट सहाचा. चहाले टेकवला, पाण्याले टेकवला, पठ्ठ्या जागचा हालेना! आचल म्हणे, चढायची अन् उतरायची ओढ त्याच्यात सारखीच असते. मी त टाळ्याच पिटल्या. तिनं तोच बसवला, यंत्राचं माप नव्यानं जुळवलं. दुपारी अंडं पापणीले लावलं, त सकाळसारखंच.

दिवस भरले अन् खोक्यातून चिवचिव! एका अंड्याले तडा गेला, चोच बाहेर आली, मंग बाजूच्याले, मंग साऱ्याईले. मी अंगणात जाऊन शेजारणीले ओरडली, "जाईबाई, धाव वं! आमच्या आचलनं पिल्लं काढली!"

आत येऊन पाह्यलं त पोरगी ओंजळीत पिल्लू घेऊन ढसाढसा रडून राहिली.

"काहून रडतं वं? पिल्लू भिजन नं!" म्हटलं, अन् तिले पोटाशी धरून मीच रडू लागली.