काका आज नाही म्हणाले

शिवणवालीच्या घराला एक खोली वाढली. खोली कसली, एका खाटेची नि एका कपाटाची, पण आईसाठी. आई दम्याची. जरा ओल लागली की तिची छाती भात्यासारखी वाजायची. आतून गिलावा झाला, रंग झाला, पडदाही शिवून झाला. राहिली मागची भिंत, बाहेरच्या अंगाची. आणि बाहेर म्हणजे शेजारच्या काकांचं अंगण. भिंत हिची, पण भिंतीची पाठ त्यांच्या दारात.

"बाहेरून गिलावा होईस्तोवर आईला आणू नका, ताई," गवंडी म्हणाला. "नुसत्या विटा पाणी पितात. आत ओल येणार म्हणजे येणार."

ती परवानगी मागायला काकूंकडे गेली. काकू नाही म्हणाल्या, तेही तिचा हात हातात धरून.

"तुला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही गं. पण अनोळखी माणूस दिसलं की हे घाबरतात. परवा नळवाला आला, तर न्हाणीत जाऊन आतून कडी लावून बसले. बाहेर काढता काढता माझ्या नाकी नऊ आले."

काकांनी उभा जन्म एक मोठं गोदाम सांभाळलं होतं. त्यांना विचारल्याशिवाय तिथं मुंगीची शिरायची टाप नव्हती. आता त्यांच्या डोक्यातल्या गोदामातून रोज कुणीतरी चार पोती उचलून नेत होतं, आणि त्या चोराला कुलूप चालत नव्हतं.

"काकू, नळवाल्यानं काकांना विचारलं होतं का, आत येऊ म्हणून?"

"त्यांना? अगं, त्यांना काय विचारायचं? त्यांना कुठं काय..." काकू बोलता बोलता थांबल्या. मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "बघ बाई विचारून. घर त्यांचंच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाटकाबाहेरच उभी राहिली. मागे गवंडी, त्याच्यामागे घमेलं घेतलेली त्याची बायको. काका खुर्चीत बसले होते, मिटल्या छत्रीसारखे.

"काका, अंगणात येऊ का? भिंतीला गिलावा करायचाय."

छत्री उघडावी तसे काका उठले. पाठ ताठ झाली. "माणसं किती?"

"दोन."

"पाय पुसून यायचं. सामान एका रांगेत ठेवायचं. आणि जाताना सांगून जायचं."

"मी गवंडीकामाला आलोय की फौजेत भरती झालोय?" गवंडी पुटपुटला.

"बघा," त्याची बायको म्हणाली, "घरात कधी पाय पुसून आलात का? मालक असावा तर असा!"

परांची उभी राहिली. थापी चालू लागली, तिचा सपक-सपक ताल अंगणभर झाला, आणि काका खुर्ची ओढून देखरेखीला बसले. संध्याकाळी गवंडी सांगून निघाला, तेव्हा मान हलवून "ठीक" म्हणाले.

सकाळी मात्र पाटी कोरी. कोण गवंडी, कुठली भिंत? मग पुन्हा फाटक, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तीच उलटतपासणी. रोज नव्यानं विचारायचं, रोज नव्यानं मिळवायचं. गवंड्याला त्याची गोडीच लागली. विचारायच्या आधी तो शर्टाचं वरचं बटण लावू लागला.

होता होता पायथ्याची पट्टी तेवढी उरली. त्या सकाळी माल कालवून तयार होता, दुसऱ्या दिवसापासून गवंड्याला दुसरीकडचं काम होतं, आणि तिकडे आईचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलेलं होतं.

काका फाटकाशीच उभे होते. ओठांवर बोट.

"आज नाही."

"का हो काका?"

"माझी बायको झोपलीय." त्यांचा आवाज कुजबुजता झाला. "मी तिला झोपू देत नाही. काय करतो ते आठवत नाही मला, पण डोळे लाल झालेत तिचे. आवाज नको."

तिघंही मागे फिरली. कोपऱ्यावर गवंडी हळूच म्हणाला, "ताई, घटकाभर थांबू. विसरतील. मग पुन्हा विचारू, हो म्हणतील."

खरं होतं ते. तिलाही तेच सुचलं होतं. डोळ्यांसमोर आईचं गाठोडं आलं, आईची ती मोडकी-तुटकी धाप आली. ती फाटकाकडे बघत राहिली. काका पहाऱ्यावर होते.

"नको. ते हो म्हणाले ते आपण धरून चाललो. नाही म्हणाले तर विसरायची वाट बघायची? मग इतके दिवस विचारलं कशाला?"

"आणि हा माल? दगड होईल त्याचा."

"ताईंची पायरी फुटलीय, तिथं लावा," गवंड्याची बायको म्हणाली. "उद्या सकाळी इथलं उरकू, मग तिकडे जाऊ. विचारलंच तिकडे कुणी, उशीर का, तर सांगा, इथल्या साहेबांनी रजा दिली होती."

गवंडी हसला, आणि पायरीकडे वळला. शिवणवालीनं आईला फोन लावून सांगितलं, अजून एक दिवस दम धर. "दमच तर धरवत नाही गं माझ्याच्यानं," आई म्हणाली, आणि आपल्याच बोलण्यावर खोकत खोकत हसली.

ऊन उतरायला लागलं तशा काकू धावत आल्या. केस सुटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. "अगं, मला उठवायचं नाही का? मेल्यासारखी झोपले! तुझं काम राहिलं, आई खोळंबली..."

"काकांनी परवानगी दिली नाही."

"म्हणजे?"

तिनं सांगितलं. काकू तिथंच, मशीनपुढच्या स्टुलावर, बसल्या.

"'माझी बायको' म्हणाले?"

"हो."

"मला 'अहो बाई' म्हणतात गं. महिने झाले. काल विचारत होते, तुमच्या घरचे वाट बघत असतील, तुम्ही जात का नाही." काकूंनी गालावरची घडी बोटानं चाचपली. "नीट सांग. 'माझी' म्हणाले? तुझ्या मनाचं नाही ना?"

"गवंड्याला विचारा हवं तर. त्याच्या बायकोला विचारा."

"कुणाला नाही विचारायचं. तूच सांग पुन्हा. पहिल्यापासून सांग."

मशीनवर अर्धवट ब्लाउज तसाच होता. शिवणवालीनं सुई वर घेतली, कापड बाजूला सारलं, आणि पहिल्यापासून सांगायला लागली: काका फाटकाशी कसे उभे होते, बोट कसं ओठांवर होतं, आवाज किती हळू होता.