हिरवं बटण

"परदेशातल्या साइटवर नाव आलं म्हणे तुझं," तेरेरेचा, म्हणजे पाल्याच्या बर्फगार काढ्याचा, सगळ्यांत फिरणारा पेला नेरीच्या हातात देत एलादियो म्हणाला. "आता आमच्यासारख्यांत बसशील का?"

"बसलोय की, उस्ताद. सगळं तुम्हीच तर शिकवलंत."

उस्ताद म्हटलं की एलादियोच्या कपाळाला आठी पडायची. असुन्सियोन शहराच्या चार नंबरच्या बाजारात माझ्या चिपा-पावांच्या टोपलीला लागून त्याचा ठेला. गेमचे कंट्रोलर दुरुस्त करायचा आणि उरल्या वेळात येऊ घातलेल्या हेडसेटबद्दल इंटरनेटवर वावड्या उठवायचा. डोळ्यांवर चढवला की भलतंच जग दाखवणारं ते यंत्र आमच्यातलं कुणी विकत घेणार नव्हतं; पण पुढचं कसं असेल यावर ही मंडळी तहानभूक विसरून भांडत. नेरी त्याच्याच हाताखाली तयार झाला, समोर स्वतःचा ठेला टाकला, आणि वावड्यांतही पुढे निघून गेला. एलादियोला वाचणारे आम्ही शेजारी आणि त्याची बहीण ग्लादिस. मी तर वाचतही नव्हते, नुसता अंगठा दाबायचे.

ग्लादिस एका कंपनीत अजून बाजारात न आलेले गेम खेळून त्यांतल्या चुका शोधायची. त्या सकाळी तिनं फोन पुढे केला. नव्या हेडसेटचा कंट्रोलर, तिच्या तळहातावर.

"बघा आणि विसरा. बाहेर गेलं तर माझी नोकरी जाईल."

"कसला फोटो? मी काही पाहिलंच नाही बाई," म्हणत नेरी गालात हसला. ते हसू एलादियोला झोंबलं.

माझी गिऱ्हाइकं आली तशी मी धन्यवाद म्हणून उठले. तेरेरे पिताना मध्येच आभार कुणी मानत नाही. मानले म्हणजे पुरे झालं, पुढच्या फेरीत पेला तुम्हाला वगळून जातो.

नेरी गेल्यावर एलादियो माझ्याजवळ आला. "हा आज टाकणार बघ. माझ्या बहिणीची बातमी, आणि नाव होणार याचं!"

"पाहिलंच नाही म्हणाला ना तो?"

"तू पाव विक गं, रामोना."

नुसता जळत होता. संध्याकाळी ग्लादिस अंघोळीला गेल्यावर त्यानं तिच्या फोनमधून फोटो घेतला. फोटोतला तिचा हात कापून टाकण्याइतकी अक्कल शिल्लक होती. आपल्या पानावर टाकून वर ठळक लिहिलं : नव्या कंट्रोलरला हिरवं बटण!

दुसऱ्या दिवशी लोक त्याच्या पानावर तुटून पडले. हा बाजारात छाती काढून फिरला, माझी अर्धी टोपली घेऊन अख्ख्या ओळीला पाव वाटले. नेरीच्या ठेल्यावर तर स्वतः जाऊन दिला.

नेरीनं तो हातात घेतला नाही. "उस्ताद, हे काय करून बसलात? बातमी कोण फोडतं ते कळावं म्हणून कंपनी प्रत्येकाच्या नगावर वेगळी खूण करते. हे तुम्हीच मला सांगितलेलं. हिरवं बटण फक्त ग्लादिसच्याच नगाला असणार."

एलादियोचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तू टाकशील."

"मी कशाला टाकीन? तिनं विसरा म्हटलं होतं."

त्याच आठवड्यात ग्लादिसला घरी बसवलं.

सोमवारी ती नेहमीसारखी आली, आपल्या स्टुलावर बसली. मला वाटलं, आता चांगली झाडेल त्याला. मी मनातून वाटच बघत होते. एलादियोनं बर्फाचं पाणी ओतून पहिला पेला तिलाच दिला. तिनं तो तळापर्यंत ओढला आणि दोन्ही हातांनी परत केला.

"धन्यवाद, दादा."

पहिलीच फेरी होती. ती उठली, समोर नेरीच्या ठेल्यावर गेली आणि त्याच्याकडून दुरुस्तीला एक उघडा कंट्रोलर मागून घेतला.

एलादियोनं पेला पुन्हा भरला आणि सवयीनं तिच्या रिकाम्या स्टुलाकडे धरला.